पाचटाखालची परसबाग : सांगलीच्या काळ्या मातीतल्या नोंदी

जागा घरामागची, वीस फूट बाय अठरा फूट. उत्तरेला घराची भिंत, दक्षिण मोकळी, त्यामुळे ऊन भरपूर. माती काळी, चिकण. पाणी बोअरचे, थोडे मचूळ. ठरवलेले एवढेच: कुदळ मारायची नाही, रासायनिक खत-औषध नाही, आणि रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही. परसबागेत सगळा वेळ खातात ती दोन कामे, पाणी आणि खुरपणी. दोन्हीचे मूळ उघड्या मातीत. म्हणून माती पाचटाने, म्हणजे तोडलेल्या उसाच्या वाळक्या पानांनी, झाकायची. पण झाकण किती जाड आणि कधी, हे ऋतूप्रमाणे बदलावे लागते. खालच्या बहुतेक नोंदी त्याच्याच आहेत.

१८ मार्च

उसाचा गळीत हंगाम संपत आला की पाचट मिळण्याची शेवटची संधी असते. एप्रिल उजाडेपर्यंत बरेचसे फडातच पेटवलेले असते. तोड झालेल्या फडातले पाचट शेतकऱ्याने फुकट दिले. छोट्या हत्तीचे (लहान मालवाहू गाडीचे) भाडे ७०० रुपये, भरायला-उतरायला माणूस ४०० रुपये. गाडी शिगोशीग भरली तरी पाचट दाबले की निम्मे होते, त्यामुळे मागताना दुप्पट मागावे. पाने धारदार, त्यात उसाची कूस (बारीक टोचरे केस), म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे लागतातच. कूस मानेत गेली की दोन दिवस खाज जात नाही.

आखणी: तीन फूट रुंद, बारा फूट लांब असे चार वाफे, मध्ये दीड फुटाच्या वाटा. तीन फुटांच्या वर रुंदी नको, नाहीतर मधल्या रोपापर्यंत हात पुरत नाही आणि वाफ्यात पाय पडतो. काळ्या मातीवर ओली असताना एकदा पाय पडला की ती जागा हंगामभर दगडासारखी. एक नंबरचा वाफा भिंतीकडचा, वेलांसाठी, म्हणजे मांडवाची सावली इतरांवर पडत नाही. भिंतीपासून तीन फूट जागा मोकळी ठेवली. तिथे पाचट टाकायचे नाही, कारण वाळवी.

२२ मार्च

जागेवर हरळी आणि लव्हाळा, दोन्ही चिवट तणे. वरचे विळ्याने जमिनीलगत कापले, भरपूर पाणी मारले आणि त्यावर पुठ्ठे अंथरले. फ्रिज-वॉशिंग मशीनचे मोठे खोके दुकानदार फुकट देतात. किराण्याच्या लहान खोक्यांना जोड फार येतात आणि गवत जोडातूनच डोके काढते. चिकटपट्ट्या आणि पिना काढून टाकल्या, गुळगुळीत छापील खोके बाजूला ठेवले. दोन पुठ्ठे एकमेकांवर किमान सहा इंच चढवले. पुठ्ठा कोरडा अंथरला तर वाऱ्याने उडतो आणि खाली पाणी जाऊ देत नाही. आधी बादलीत बुडवूनच टाकावा.

२ एप्रिल

पुठ्ठ्यावर शेणखत, वाफ्याला दोन पोती. पसरल्यावर थर दीड इंचाच्या आसपास बसतो. पोते ९० रुपये, एकूण ७२० रुपये.

पहिल्या दोन पोत्यांत हुमणीच्या अळ्या निघाल्या: पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, डोके तपकिरी. उसाच्या भागात अर्धवट कुजलेल्या खतातून त्या हमखास येतात आणि नंतर रोपांची मुळे खातात. सगळे खत ताडपत्रीवर पातळ पसरून चाळले. अळ्या वेचल्या, उरलेल्या कोंबड्यांनी आणि साळुंक्यांनी टिपल्या. या कामात पूर्ण सकाळ गेली. खत घेताना मूठभर हातात घेऊन वास घ्यावा. शेणाचा वास येत असेल आणि आतून गरम लागत असेल तर ते खत झालेले नाही. मुरलेल्या खताला पहिल्या पावसातल्या मातीचा वास असतो आणि ते हाताला चिकटत नाही.

खतावर पाचट, सहा इंच. वाटांवर आठ इंच. दोन्हीकडे लांब पानेच, न तोडता.

१९ एप्रिल

पाण्याची सोय. दोनशे लिटरचा ड्रम तीन फुटी स्टँडवर ठेवून त्याला १६ मिमीची इनलाइन ठिबक नळी जोडली. चालले नाही. या नळ्या पंपाच्या दाबावर चालायच्या असतात. तीन फुटांच्या उंचीवर ड्रमजवळची छिद्रे गळतात आणि वाफ्याच्या टोकाची कोरडी राहतात. वर बोअरच्या पाण्याचे क्षार छिद्रांत बसतात. ड्रम सोडून नळी, फिल्टर, कॉक मिळून ११५० रुपये वाया. ड्रम झारी भरायला कामाचा आहे.

त्याऐवजी मडकी. कुंभाराकडून पाच-सहा लिटरची साधी, बिनरंगी मडकी, प्रत्येकी ७० रुपयांना. तीन आणि चार नंबरच्या वाफ्यांत प्रत्येकी चार, दर तीन फुटांवर, गळ्यापर्यंत पुरली. घेतल्यावर रात्रभर पाणी भरून ठेवावे, सकाळी बाहेरून घाम आलेला दिसला पाहिजे. चकाकी मारलेली किंवा रंगवलेली मडकी पाझरत नाहीत. तोंडावर परळ झाकली. उघडे मडके म्हणजे डासांचा कारखाना, आणि डेंग्यूच्या दिवसांत शेजारी बोलणारच.

न खणण्याचा नियम इथे मोडावा लागतो, मडक्यापुरता खड्डा घ्यावाच लागतो. पाणी साधारण फूटभर घेरात पाझरते, त्यामुळे रोप मडक्यापासून वीतभर अंतरावर.

९ मे

अवकाळी पाऊस झाला, चांगला तासभर. दुसऱ्या दिवशी पाचट उचलून पाहिले तर वरचे ओलेचिंब, खाली माती कोरडी. लांब पाने एकाच दिशेने अंथरली की पाणी त्यांच्यावरून घसरून वाटेत उतरते. ऊसतोड कामगारांची पाचटाची खोप ज्या कारणाने गळत नाही, तेच इथे वाफ्यावर घडले. सगळे पाचट काढून कोयत्याने वीत-दीड वीत तुकडे केले आणि आडवेतिडवे टाकले. वेळखाऊ काम, पण टाळता येत नाही. वाटांवर मात्र लांब पानेच बरी, चिखल होत नाही.

त्याच वेळी मडक्यांभोवती फट दिसली. काळी माती वाळली की आक्रसते आणि मडक्यापासून सुटते, मग पाझरलेले पाणी रोपापर्यंत पोचत नाही. फटीत चाळलेले खत आणि पोयटा माती निम्मी-निम्मी मिसळून दाबून भरली. त्यानंतर मडके तीन दिवसांत रिकामे होऊ लागले. आधी आठवडाभर तसेच भरलेले राहायचे.

वाटांतल्या कोरड्या पाचटात वाळवी आहे. ती मेलेले पान खाते, ओलसर जागेतल्या जिवंत रोपाच्या नादी सहसा लागत नाही. भिंतीलगतची मोकळी पट्टी मात्र झाडून साफ ठेवणे गरजेचे. दाराच्या चौकटीला वाळवी लागली तर भाजी फार महागात पडेल.

२८ मे, रोहिणी

एक नंबरमध्ये दोडका आणि कारले. मांडवाला सहा बांबू (प्रत्येकी ८० रुपये), शिवाय तार आणि सुतळी मिळून २१० रुपये. उंची साडेपाच फूट, म्हणजे खालून हात पोचतो. पाचट बाजूला सारून, पुठ्ठ्याला चाकूने फुली मारून, त्या आळ्यात दोन मुठी खत आणि तीन बिया. कारल्याच्या बिया रात्रभर भिजवल्या, कवच जाड असते. न भिजवलेल्या दोन आळ्यांत आठवडाभर उशिरा उगवले.

बियाणे शक्यतो सुधारित किंवा देशी घेतले, संकरित नाही. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी धरले तर झाडे एकसारखी येत नाहीत.

८ जून, मृग

दोन नंबरमध्ये भेंडी (परभणी क्रांती वाण), कडेने चवळी. तीन नंबरमध्ये ताग, मूठभर बी, साधारण पन्नास ग्रॅम. तागासाठी पाचट पूर्ण काढून वाटेत ढकलले. बारीक बी जाड आच्छादनातून वर येत नाही, हा नियम सगळ्याच पेरणीला लागू. टोकण पद्धतीची, म्हणजे एकेक खोचून लावायची, मोठी बी (भेंडी, चवळी, वेलवर्गीय) फुलीतून चालते, फेकून पेरायची नाही.

ताग कशाला, हा प्रश्न शेजारून येतोच. पुठ्ठ्याखालची माती अजून घट्ट आहे. तागाची मुळे ती फोडतात, कुदळीचे काम वाचते, आणि शेंगवर्गीय असल्याने नत्रही मिळते.

२९ जून

हरळी हरली नाही. पुठ्ठ्याखाली मेली, पण धावत धावत कडेला निघाली आणि तिथून परत वाफ्यावर चढतेय. लव्हाळ्याने तर पुठ्ठा सरळ भोसकला, गाठीतून निघणारा कोंब टोकदार असतो. पुठ्ठ्याने लव्हाळा जातो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. उपाय दोनच: हरळीसाठी बागेच्या चारी कडांना वीतभर रुंद पट्टी उघडी ठेवून दर आठवड्याला खुरप्याने तोडणे, आणि लव्हाळा दिसला की वाफसा असताना गाठीसकट ओढणे. वाफसा म्हणजे मूठभर माती दाबून गोळा केला आणि बोटाने टिचकी मारली की फुटला. त्यापेक्षा ओल्या मातीत ओढले तर पान हातात येते आणि गाठ आत राहते.

चार नंबरमध्ये वांग्याची आठ रोपे (कृष्णाकाठची वांगी म्हणतात ती) आणि मिरचीची सहा, दोन ओळींत नागमोडी. रोपवाटिकेतून रोप २ रुपयांना.

१४ जुलै

गोगलगाई. पाच दिवस झड लागली होती, सहा इंच पाचट खालून कुजून चिकट झाले, आणि त्यात मोठ्या शंखीपासून मुगाएवढ्या पिल्लांपर्यंत सगळे कुटुंब. चवळीची काही रोपे देठापर्यंत खाल्ली, मिरचीच्या दोन रोपांचे शेंडे गेले.

एप्रिल-मेमध्ये जे सहा इंच वरदान असते ते पावसाळ्यात गोगलगाईचे घर. वाफ्यावरचे निम्म्याहून जास्त पाचट काढून वाटेत टाकले, दोन इंचच ठेवले, रोपाच्या बुंध्याभोवती चार बोटे जागा उघडी. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी वाटांत टाकायची, सकाळी उलटून गोगलगाई वेचायच्या आणि साबणाच्या घट्ट पाण्यात टाकायच्या. पहिल्या सकाळी अर्धी बादली निघाल्या, आठवड्यानंतर मोजक्या. मीठ वाफ्यात टाकायचा सल्ला बरेच जण देतात. आधीच मचूळ पाणी असलेल्या जमिनीत मीठ घालणे म्हणजे शहाणपण नव्हे. चुन्याची पट्टी पाऊस नसतानाच टिकते.

२६ जुलै

ताग कंबरेच्या वर गेला, एखाददुसरे पिवळे फूल दिसले. हीच वेळ. याच्या पुढे गेला की खोड दोरासारखे होते आणि कुजत नाही. विळ्याने जमिनीलगत कापला, मुळे आतच ठेवली, कापलेला ताग तिथेच पसरला. मिसळायचा नाही, न खणण्याचा नियम आहेच. वाळके पाचट तर मातीत मिसळले की ते कुजवणारे जिवाणू मातीतलेच नत्र वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. दोन नंबरच्या एका कोपऱ्यात पाचट मातीत गेले होते, तिथली भेंडी फिकट आहे. तिथे गोमूत्र एकास दहा पाणी, आठवड्याच्या अंतराने दोनदा. रंग परतला.

६ ऑगस्ट

दोडके वाकडे होऊन पिवळे पडू लागले. कापले तर आत अळ्या. फळमाशी. सापळा लावला होता, पण त्यात एकही माशी नाही. कारण आतली वासाने माशी ओढणारी गोळी चुकीची. दुकानात ‘फळमाशीची गोळी’ म्हटले की बहुतेक वेळा मिथाइल युजेनॉल मिळते. ती आंबा-पेरूच्या माशीसाठी. वेलवर्गीय भाज्यांची माशी क्यू ल्यूरवरच येते. पुडीवर नाव वाचून घ्यावे. गोळी बदलली (६० रुपये) आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सापळ्यात माशा होत्या.

सापळ्यात फक्त नर येतात, तेव्हा तेवढ्याने भागत नाही. किडलेले फळ वेलावर किंवा जमिनीवर ठेवायचे नाही, कंपोस्टमध्येही नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून उन्हात ठेवायचे. कोवळ्या फळाला वर्तमानपत्राची पिशवी बांधली की वाचते, पण झडीत कागद टिकत नाही. जुन्या ओढणीच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, त्या टिकल्या.

१ सप्टेंबर

वांग्याचे तीन शेंडे मान टाकलेले. शेंडा उभा चिरला की आत गुलाबी-पांढरी अळी. ही शेंडा-फळ पोखरणारी अळी, पुढे हीच वांग्यात शिरते. फवारणी आतल्या अळीपर्यंत पोचत नाही. मान टाकलेला शेंडा दोन इंच खाली कापून जाळायचा, दर आठवड्याला एक फेरी. पाने आणि कोवळ्या फळांवर निंबोळी अर्क: दहा लिटरला अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजत, सकाळी फडक्याने गाळून, चमचाभर साबण, फवारणी संध्याकाळीच. मागच्या वर्षीची बुरशी लागलेली निंबोळी निरुपयोगी.

भेंडीच्या दोन झाडांवर हळद्या, पानांच्या शिरा पिवळ्या. परभणी क्रांती हा रोग बराच सोसते, तरी अजिबात येत नाही असे नाही. पांढरी माशी तो पसरवते, म्हणून दोन्ही झाडे मुळासकट उपटली.

दोडक्याच्या खालच्या पानांवर भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी). तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदारांना भुरी म्हणजे काय ते सांगायला नको. इथे एक भाग दूध, नऊ भाग पाणी, सकाळी उन्हात फवारले, आणि खालची दाट पाने काढून हवा खेळती केली. जास्त फरक पाने काढल्याने पडला असावा.

तीन नंबरमध्ये कुजलेल्या तागातच टोमॅटो लावले. खुरप्याने एकच घाव, माती आता मोकळी आहे.

१२ ऑक्टोबर

परतीचा पाऊस थांबला, वाफसा आला. भेंडी काढली (बुंध्याशी कापली, मुळे आत), दोन नंबर पालेभाज्यांना. पाचट पूर्ण बाजूला. सहा इंचांवर रेघा, वाफ्याच्या तीन फुटी पट्ट्या पाडून दर पंधरा दिवसांनी एक पट्टी पेरायची, म्हणजे मेथी एकदम सगळी येऊन शेजारी वाटावी लागत नाही. पहिल्या पट्टीत मेथी आणि शेपू, दुसरीत पालक. धणे अख्खे पेरायचे नाहीत, चपलेने हलके रगडून दोन फाका करायच्या आणि रात्रभर भिजवायचे. गाजराच्या ओळींवर ओले गोणपाट, उगवण दिसली की त्याच संध्याकाळी काढायचे. एक दिवस उशीर झाला की कोंब पांढरे आणि वाकडे.

रोपे बोटभर झाली की ओळींमध्ये चुरलेले पाचट, एक इंच. इथून पुढे खुरपणी जवळजवळ संपते.

एक नंबरचे वेल काढून अर्ध्या वाफ्यात लसूण. लसूण हे आच्छादनाचे सर्वात सोपे पीक. पाकळी टोक वर करून दोन इंच खोल, चार बोटांवर, आणि वर थेट तीन इंच पाचट. पात त्यातून सरळ वर येते.

कोबी-फ्लॉवर लावले नाहीत. जागा फार अडवतात, अळी ठरलेली, आणि थंडीत बाजारात गड्डा दहा-पंधरा रुपयांना मिळतो. घरच्या वाफ्यात त्यांचा हिशेब बसत नाही.

१७ नोव्हेंबर

कडेला उरलेल्या चवळीच्या शेंगांवर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड), मुंग्यांची रांग. फवारायची घाई केली नाही. शेंड्यांवर लांबट, काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या काटेरी अळ्या फिरत होत्या. या लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या अळ्या आणि माव्यावरच जगतात. कीड समजून लोक आधी त्यांनाच चिरडतात. फार भरलेले दोन शेंडे तोडले, बाकी तसेच ठेवले. दहा-बारा दिवसांत मावा ओसरला. निंबोळी मारली असती तर या अळ्यांनाही त्रास झाला असता.

२० डिसेंबर

एक नंबरच्या उरलेल्या अर्ध्या भागातल्या घेवड्याच्या पानांच्या कडा करपल्या. बुरशी नाही, क्षार. घेवडा मचूळ पाण्याला फार नाजूक. त्याच पाण्यावर पालक मजेत आहे. वाफ्याच्या उघड्या कडेवर पांढरा थर दिसतो, पाचटाखाली दिसत नाही, कारण तिथून बाष्पीभवन कमी होते. घेवड्याला नळाचे पाणी सुरू केले, नवी पाने स्वच्छ आली. ज्यांच्याकडे फक्त बोअर आहे त्यांनी घेवड्याऐवजी पालक, बीट लावावे.

मडकी पाझरायची मंदावली. बाहेर काढून चिंचेच्या कोळाने घासली, उन्हात वाळवली, परत पुरली. बोअरच्या पाण्यावर हे वर्षातून दोनदा करावे लागेलसे दिसते.

२५ जानेवारी

टोमॅटोवर करपा अगदी खालच्या पानांपुरता. पाण्याचे शिंतोडे मातीवर न पडता पाचटावर पडतात, म्हणून बुरशी पानावर उडत नाही. बांबूला बांधलेल्या झाडांचा माल सरस.

खर्च: आतापर्यंत ५,४०० रुपयांहून थोडा जास्त. त्यात ठिबकचे वाया गेलेले ११५० आणि ड्रम-स्टँड १,१०० धरून. पुढच्या वर्षी लागणार ते पाचटाचे भाडे, चार पोती खत आणि थोडे बियाणे.

२२ फेब्रुवारी

गळीत चालू आहे तोवर नवे पाचट आणले, या वेळी तोडूनच भरले. जुने पाचट उचलल्यावर खालचा थर काळा, भुसभुशीत, गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्यांनी भरलेला. पुठ्ठ्याचा मागमूस नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज जाते, मार्चमध्ये खिळा जात नव्हता. जुने पाचट तिथेच ठेवून त्यावर खताचा अर्धा इंच आणि मग नवे, उन्हाळ्यासाठी सहा इंच.

मेथी-शेपूच्या शेवटच्या पट्टीतली चार झाडे बियांना सोडली. चुका आणि तांदुळजा वाटेच्या कडेला आपोआप उगवतात, ती रोपे उचलून वाफ्यात लावायची, बी विकत घ्यायचे नाही. दोन नंबरमध्ये उन्हाळी गवार फुलीतून टोकली. तीन नंबर मृगापर्यंत रिकामा, नुसता पाचटाखाली, कारण उन्हाळ्यात बोअरचे पाणी तीनच वाफ्यांना पुरते.